तापीच्या काठानं गेलेली छागळ

जुनी आहे मी, पण टाकाऊ नाही. हे आधीच सांगून ठेवते. मी एक छागळ आहे. मित्रांनो, तोंडं वाकडी करू नका. छागळ म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. त्यात तुमचा दोष नाही, तुमच्या घरातल्या फ्रीजचा आहे. जाड सुती कापडाची पाण्याची पिशवी, वर एक तोंड, तोंडाला बूच अन् खांद्याला अडकवायला दोरी, एवढीच माझी काया. पाणी भरलं की माझं अंग ओलं होतं. वारा लागला की ती ओल उडते, अन् उडता उडता आतलं पाणी गार करून जाते. वायर नाही, बटण नाही. थेंब थेंब गळणं हा माझा रोग नव्हे, तो माझा धंदा आहे. ज्यांना हे कळलं नाही त्यांनी मला नावं ठेवली. त्यांची नावं आज मी सांगणार आहे.

माझा जन्म बुऱ्हाणपुरातला. ताडपत्र्या शिवणारा एक म्हातारा शिंपी होता. त्यानं मला दुहेरी टाक्यानं शिवली, तोंडाशी पितळी कडी बसवली. बहादरपूरचे उखर्डू पाटील मला घेऊन गेले. पहिल्या दिवशी मी चाळणीसारखी गळले. उखर्डू तणतणत परत आले. शिंपी सुई दातात धरूनच म्हणाला, "हौदात बुडवून ठेव दिवसभर. सूत पाणी पिऊन फुगलं की भोकं आपसूक बुजतात. फक्त हिला कोरडी पडू देऊ नको, अन् गुंडाळून कोंडू नको. हिला वारा पाहिजे."

तेव्हापासून मी उखर्डूंच्या बैलगाडीला लटकत राहिले. नंतर ट्रॅक्टर आला, तर ट्रॅक्टरला. केळीची कापणी चालली की पंधरा-वीस माणसं घड वाहायची. घड खांद्यावरून उतरला की आधी माझ्याकडे बघायची. "गोदाबाईच्या छागळीचं पाणी पिलं की माणूस पुन्हा उभा राहतो," असं निंबोल्याचे मजूर म्हणायचे. गोदाबाई म्हणजे उखर्डूंची बायको. चौथीत शाळा सुटलेली, पण जिभेची परीक्षा घेतली तर बोर्डात पहिली आली असती. अंगानं काटक, मानेनं ताठ. मला रोज पहाटे घासायची, भरायची, ओट्याच्या खुंटीला अडकवायची. स्तुती मला आवडायची. कोणाला नाही आवडत?

उखर्डू आजारात गेले. शेत गोदाबाईनं अन् त्यांचा एकुलता मुलगा नीलेश यानं सांभाळलं. मग नीलेशचं लग्न झालं. सून आली हिमानी, बुऱ्हाणपूर शहरातली, शाळेत शिकवणारी. तिच्याबरोबर फ्रीज आला अन् पाणी गाळायचं यंत्र आलं. ओट्यावर गुळगुळीत फरशी आली. माझं काम संपलं. तरी गोदाबाई मला रोज भरायची, अन् मी रोज त्या फरशीवर ठिबकायची.

"आत्याबाई, ही बाहेर झाडाला टांगू या ना," हिमानी म्हणायची. सासूला ती आत्याबाई म्हणते.

"ती इथंच राहील. तुला नको असंल तर तू झाडाला जा."

असं तीन वर्षं चाललं. मग पौषातल्या एका सकाळी हिमानी शाळेच्या घाईत निघाली. माझ्याखालच्या थारोळ्यावरून तिचा पाय सटकला अन् ती उजव्या हातावर पडली. पडता पडता तिची पर्स मला लागली, मीही खाली आले. गोदाबाई स्वयंपाकघरातून धावत आली.

मित्रांनो, तिनं आधी मला उचललं.

मला झटकलं, बूच तपासलं, कडी बघितली. ओट्यावर तेव्हा दूधवाला होता, शेजारच्या दोघी होत्या. त्यांच्यासमोर ती सुनेला म्हणाली, "आईनं चार पावलं धड चालायला शिकवलं असतं तर घसरली नसती. शहरातल्यांचे पाय काय, खुर्चीखाली ठेवायला दिलेले."

खरं सांगते, मला त्या वेळी गुदगुल्या झाल्या. घरात अजून माझा मान आहे असं वाटलं. हिमानीचं मनगट मोडलं होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, ती हात गळ्यात बांधून माहेरी निघून गेल्यावर.

आठ दिवसांनी विहीण आली. हिमानीची आई, उषाबाई. त्रेसष्ट वर्षांची, पस्तीस वर्षं शाळेत मुलांना खेळ शिकवलेली, पायात कॅनव्हासचे बूट. गोदाबाईनं बसायला सांगितलं नाही, अन् उषाबाई बसायला आलीच नव्हती.

"माझ्या मुलीला चालायला मी शिकवलं नाही म्हणता, विहीणबाई?"

"बोलले. मागं घेत नाही."

"घेऊ नका. चला मग. तापीच्या काठानं समुद्रापर्यंत. इथून निघायचं, रोज एक टप्पा. बघू कोणाचे पाय खुर्चीखालचे."

तापीमाईच्या काठानं चालणं आमच्या भागात नवं नाही. लोक नवस बोलतात अन् जातात. नियम ठरलेले. माई एका हाताला ठेवायची, मध्येच ओलांडायची नाही. दिवसा चालायचं, जे गाव लागेल तिथं मुक्काम. पण त्या दिवशी त्या दोघींनी जे ठरवलं ते कुठल्या पोथीत नव्हतं. जिचा पाय आधी गाडीत चढेल ती हरली. उषाबाईचा चढला तर हिमानी दुसऱ्या दिवशी बहादरपूरला परत, अन् उषाबाईनं पुन्हा त्या घरात तोंड घालायचं नाही. गोदाबाईचा चढला तर नीलेश अन् हिमानी बुऱ्हाणपुरात वेगळं बिऱ्हाड करतील, अन् गोदाबाई एका शब्दानं आडवी येणार नाही.

"अरे, मला कोणी विचारून राहिलं का?" नीलेश म्हणाला.

"तू गप बैस," दोघी एकदमच म्हणाल्या. तेवढी एकच गोष्ट त्या महिन्यात दोघींनी मिळून केली.

माघी पौर्णिमेला निघालो. मी गोदाबाईच्या खांद्यावर. उषाबाईजवळ चकचकीत स्टीलची बाटली. अंथरूण-पांघरूण अन् डबे सायकलवर बांधून सुपडू पुढं गेला. सुपडू गोदाबाईचा चुलत दीर, पन्नाशीचा, वैतागलेला. तो सायकलनं पुढच्या मुक्कामाला जाऊन बसायचा अन् या दोघी काठाकाठानं पायी यायच्या. माई डाव्या हाताला.

पहिले काही टप्पे केळीच्या बागांतून गेले. गोदाबाई त्या मुलखात राणीसारखी चालली. कुठल्या बागेला पाणी कमी पडतंय, कुणाचा घड चार दिवस आधी कापला, सगळं मोठ्यानं बोलत. उषाबाई बोलायच्याच नाहीत. त्या मोजून पावलं टाकायच्या, तासाला एकदा थांबायच्या, बूट काढून पाय वर करून पडायच्या.

"थकल्या वाटतं विहीणबाई," गोदाबाई उभ्या उभ्याच म्हणायची.

"थकू नये म्हणून पडते. तुम्ही थकल्यावर पडाल."

नदीपलीकडे चांगदेवाचं देऊळ दिसलं तेव्हा गोदाबाईनं या काठावरूनच हात जोडले. नावाडी म्हणाला, माय, सोडतो पलीकडं. दोघींनी त्याला एका नजरेनं गप्प केलं. मग धरणाचं फुगलेलं पाणी लागलं, तिथं काठ सोडून शेताच्या बांधांवरून जावं लागलं. मग कापसाच्या उभ्या काटक्यांचे मैल. गावात शिरलं की बायका विचारायच्या, "कुठून आल्या व माय? बहिणी-बहिणी का?"

"नाही!" पुन्हा दोघी एकदम.

गोदाबाईच्या टाचेला भेगा पडल्या, भेगांतून रक्त यायला लागलं. तिनं त्यात मेण भरलं अन् कोणाला दाखवलं नाही. उषाबाईचा गुडघा सुजला. त्यांनी पट्टा बांधला अन् वरून पातळ सोडलं. एकमेकींचं लंगडणं मात्र दोघींना बरोबर दिसायचं.

आता माझ्यावर आलेला प्रसंग ऐका.

सोळाव्या मुक्कामाला एका शेतकऱ्याच्या घरी जेवायला बसलो होतो. घरच्या सुनेनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "मावशी, तुमचं लुगडं एवढं ओलं कशानं?" गोदाबाईच्या बोलायच्या आत उषाबाई म्हणाल्या, "त्यांची पिशवी गळते ना. पूर्वीपासून गळते. तिच्यापायी माझ्या मुलीचा हात मोडला, तरी बाईंनी सोडली नाही. वारा आला की तुषार माझ्या अंगावर. सोळा दिवस मी ओली चालते आहे."

घरातले हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. गोदाबाईच्या हातातला घास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुपडूच्या सामानातून एक निळी प्लास्टिकची पिशवी काढली. केळीच्या घडावर चढवतात ना, ती. दोन्ही बाजूंनी उघडी, लांबच लांब. धूळ लागू नये म्हणून दोन-चार बरोबर आणल्या होत्या. ती पिशवी तिनं माझ्यावर चढवली, वर-खाली सुतळीनं गच्च आवळली.

"वहिनी, काय करून राहिल्या?" सुपडू म्हणाला.

"घडावर चढवली की घड कसा तुळतुळीत निघतो? डाग नाही, ओरखडा नाही. आता गळू दे हिला. बघतेच कोण ओलं होतं."

तीस वर्षं जिनं मला वाऱ्यावर टांगलं तिला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. पण मनात टोचणी असली की माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही. एका टप्प्यानं काय होतंय, असं ती स्वतःशीच पुटपुटली. माझं तोंड तेवढं उघडं होतं, पण मला बोलता कुठं येतं?

फाल्गुन नुकता लागला होता. पण खानदेशचं ऊन पंचांग बघत नाही. त्या दिवशी प्रकाशा दोन टप्प्यांवर उरलं होतं. वाट नदीच्या कडेनं, उंच दरडीवरून, झाड म्हणून एक बाभूळ, तीही अर्ध्या कोसावर. अकराच्या सुमाराला उषाबाईची बाटली संपली. खाली नदीत पाणी दिसत होतं, पण दरड उतरायला वाट नव्हती. त्या आणखी तासभर चालल्या. मग थांबल्या. सतरा दिवसांत पहिल्यांदा त्या गोदाबाईकडे वळून म्हणाल्या, "पाणी द्या."

गोदाबाईला काय आनंद झाला! तिनं बूच काढलं अन् मला वाकवली. अन् माझ्या पोटातून निघालं ते पाणी नव्हतं, निवायला ठेवलेला काढा होता. कोमट, प्लास्टिकच्या वासाचं. उषाबाईनं एक घोट घेतला अन् थुंकला.

"चहापत्ती टाका यात," त्या म्हणाल्या. "पुढच्या गावात पिते."

"नखरे करू नका. प्या."

"हे तुम्ही प्या."

गोदाबाईनं हट्टानं चार घोट घेतले, तोंड वाकडं न करता. उषाबाई पुढं चालायला लागल्या. पावलं मोजून टाकणारी बाई, पण तिची पावलं आता वाकडी पडत होती. बाभळीपर्यंत आल्या, बुंध्याला हात लावला अन् खाली बसल्या. मग आडव्या झाल्या. अंगाला घाम नाही, ओठ पांढरे.

"विहीणबाई! नाटक बंद करा. उठा."

गोदाबाईनं गालाला हात लावला अन् तिचा हात भाजल्यासारखा मागं आला.

मग तिनं मला खांद्यावरून ओढली, दातांनी सुतळी तोडली, निळी पिशवी टरकावून फेकली. माझं सगळं पाणी माझ्याच अंगावर ओतून मला चिंब केली अन् तशी उषाबाईच्या डोक्यावर ठेवली. पदर भिजवून मानेला, काखेला लावला. अन् तोंडानं शिव्या चालूच. "मेली तुझी जिद्द! मेला तुझा गुडघा! माझ्या हातून मरायला निघाली का? पोरीला मी काय सांगू?" शिव्या कोणाला देते हे तिचं तिलाच कळत नसावं. वारा लागला. माझं अंग गार पडायला लागलं. त्या दुपारी मी जेवढी गार झाले तेवढी आयुष्यात कधी झाले नव्हते.

दरडीमागच्या कच्च्या रस्त्यावरून टरबुजांची पिकअप गाडी चालली होती. गोदाबाईनं लुगडं हातात धरून धावत जाऊन ती अडवली. गाडीवाल्याचं नाव कौतिक. तो उतरला, त्यानं उषाबाईकडे बघितलं अन् म्हणाला, "मावशी, पुढं बसायला जागा नाही, पेट्या आहेत. मागं टरबुजांत निजवू. मी खालून उचलतो, तुम्ही वर चढून हात धरा."

गाडीचा हौदा उंच होता. वर कोणीतरी आधी चढायलाच पाहिजे होतं.

गोदाबाई क्षणभर त्या लोखंडी पायरीकडे बघत उभी राहिली. सुपडू दोन कोस पुढं होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. तिनं पाय उचलला अन् पायरीवर ठेवला. मग दुसरा. वरून वाकून तिनं उषाबाईला काखेत धरलं अन् ओढून घेतलं. उषाबाईचे डोळे अर्धवट मिटलेले होते. टरबुजांच्या ढिगावर बसून गोदाबाईनं विहिणीचं डोकं मांडीवर घेतलं, अन् मला त्या डोक्यावर.

जवळच्या गावातल्या दवाखान्यात सलाईन लावली. दोन तासांनी उषाबाईनं डोळे उघडले.

"मेल्या असत्या तर तुमच्या मुलीला मी काय तोंड दाखवलं असतं?" गोदाबाई म्हणाली.

"तोंड दाखवायला आधी तिनं तुम्हाला बोलवायला पाहिजे." आवाज खोल गेला होता, धार तशीच होती. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "गाडीनं आणलं का?"

"हो."

"तुम्ही पण बसला होता?"

"मग काय पळत आले मागून?"

"म्हणजे दोघी एकदमच चढलो. बरोबरी." उषाबाईनं डोळे मिटले.

गोदाबाई काही बोलली नाही. मित्रांनो, गोदाबाई काही बोलली नाही ही गोष्ट मी तीस वर्षांत पहिल्यांदा बघितली.

कौतिक त्याच गावचा निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. "जिथून आमचा पाय उचलला त्या बाभळीशी नेऊन सोड. तिथूनच चालायचं. मधला तुकडा चोरून माई पावत नाही." ती गाडीत बसणार एवढ्यात मागून बुटांचा आवाज आला. उषाबाई हाताला सलाईनची पट्टी तशीच चिकटलेली घेऊन येत होत्या.

"डॉक्टरनं आराम सांगितला तुम्हाला."

"तुम्ही समुद्र बघणार अन् मी घरी बसून ऐकणार? सरका."

पुढचे पंधरा टप्पे मला नीट आठवतात, कारण मी एकदाही झाकली गेले नाही. प्रकाशाला दोघींनी स्नान केलं, वेगवेगळ्या पायऱ्यांवर. मग डोंगर जवळ आले, बोली बदलली. उकाईच्या मोठ्या पाण्याला वळसा घालताना तीन दिवस नदी दिसलीच नाही. होळी वाटेतच झाली. उषाबाईची बाटली आता रिकामीच लटकायची. त्या माझं पाणी प्यायच्या. मागायच्या मात्र नाहीत. नुसता हात पुढं करायच्या, अन् गोदाबाई न बघता मला पुढं करायची. भांडण कमी झालं असं समजू नका. डाळीत मीठ, चालायचा वेग, कुणाच्या घोरण्यानं कुणाची झोप मोडली, रोज नवा विषय. पण एका गोष्टीवर कोणी बोललं नाही. पायरीवर.

मी गोदाबाईच्या खांद्यावर होते, मला तिचा श्वास कळायचा. उषाबाई मागं असल्या की ती मधूनच थांबायची, तोंड उघडायची, अन् पुन्हा चालायला लागायची. बरोबरी धरली तर मुलगा घरात राहणार होता. बरोबरी उषाबाईनं स्वतःच्या तोंडानं म्हटली होती. कौतिक मागं त्याच्या गावात राहिला होता. उरले होते फक्त मी, अन् मी तर एक कापडाची पिशवी.

समुद्र कसा असतो हे मी सांगते, म्हणजे तुमचा हिरमोड होणार नाही. निळा नव्हता. सुरतेच्या पुढं, माईच्या तोंडाशी, आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. दूरपर्यंत राखेच्या रंगाचा चिखल, त्यात फसलेल्या होड्या, अन् कडेला कारखान्यांची धुराडी.

"एवढ्यासाठी आलो?" गोदाबाई म्हणाली.

"भरती आली की येईल पाणी," एक कोळीण म्हणाली. "बसा."

नीलेश अन् हिमानी गाडी घेऊन तिथं आलेले होते. हिमानीच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं. सुपडू सायकल आडवी टाकून तिच्याच सावलीत निजला. दोघी विहिणी बांधाच्या दगडावर बसल्या, मध्ये मी. नीलेशनं घसा खाकरला.

"मग? कोण जिंकलं?"

"बरोबरी," उषाबाई म्हणाल्या. "दोघी बरोबरच चढलो गाडीत. मला शुद्ध नव्हती. विहीणबाईंना विचारा, त्यांनी बघितलं."

गोदाबाई चिखलाकडे बघत राहिली. तिचा हात माझ्या दोरीवर होता, अन् ती दोरी ती अशी पिळत होती की माझी कडी वाजायला लागली. नीलेशच्या तोंडाकडे तिनं एकदा बघितलं. तिचा एकुलता. उद्यापासून ज्याच्या ताटाची जागा रिकामी राहील तो.

"नाही," ती म्हणाली. "माझा पाय आधी चढला. हिमानीची आई खाली पडलेली होती, मी वर चढून ओढली. आधी माझा. मी हरले."

"आई, अगं, ते काय चढणं झालं?" नीलेश म्हणाला.

"पाय तो पाय. ठरलं ते ठरलं. बेशुद्ध बाईवर मात करून घर राखायचं असंल तर थू त्या घरावर."

उषाबाईनं वाकून बुटाची नाडी सोडली. मग म्हणाल्या, "मला दिसलं होतं."

"काय?"

"डोळे मिटायच्या आत. तुमची फाटकी टाच पायरीवर. ती टाच मी मरेपर्यंत विसरणार नाही. पंधरा दिवस बघत होते, सांगता की नाही."

"अन् बरोबरी म्हणाल्या त्या?"

"बघायला. खोटं बोलल्या असत्या तर मुलगी जन्मात पाठवली नसती."

गोदाबाईचा चेहरा थोडा उजळला. "मग आता?"

"आता काय?" उषाबाई बुटाची नाडी बांधत म्हणाल्या. "हरलात ते हरलातच."

मी म्हटलं, आता इथं खून पडतो. पण गोदाबाई खदखदून हसली. रागानं की कशानं, कोण जाणे. तेवढ्यात हिमानी पुढं आली.

"आत्याबाई, माझा हात कसा आहे ते तरी विचारा आता. दोन महिने झाले."

गोदाबाईनं तिचं मनगट हातात घेतलं. केळं पिकलं का बघतात तसं हलक्या बोटांनी दाबून बघितलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. सगळ्यांच्या देखत.

"जुळला. जरा वाकडा जुळला. आता पोळ्या गोल येणार नाहीत."

"नाही आल्या तर माझ्या घरातच नाही येणार," हिमानी म्हणाली. पण हात तिनं काढून घेतला नाही.

भरती आली. पाणी चिखलावरून कसं सरकत आलं ते दोघींनी बघितलं. गोदाबाईनं माझं बूच काढून तापीचं उरलेलं पाणी समुद्रात सोडलं.

बिऱ्हाड वेगळं झालं. गोदाबाई शब्दाला जागली. भांडी तिनं स्वतः पोत्यात भरली, चांगली तेवढी दिली, पोचे पडलेली स्वतःला ठेवली. नीलेश सकाळी बागेत येतो, दुपारी आईकडे जेवतो, संध्याकाळी बुऱ्हाणपूरला जातो. दोन महिने गोदाबाई त्या नव्या घराकडे फिरकली नाही. वैशाखात एका सकाळी तिनं मला भरली, खांद्याला अडकवली अन् बहादरपूरहून पायी निघाली. दार उघडलं ते हिमानीनं. गोदाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत येत नाही. ही घे. तुमच्या फ्रीजचं पाणी पिऊन नीलेशचा घसा धरतो."

हिमानीनं या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. ती आत गेली अन् दोन खुर्च्या बाहेर घेऊन आली. एक सासूच्या मागं ठेवली, दुसरीवर स्वतः बसली. गल्लीतले लोक येता-जाता बघत होते. चहात साखर जास्त पडली यावरून दोघींचं अर्धा तास वाजलं.

तेव्हापासून मी इथं, या गॅलरीत. मित्रांनो, जुन्या वस्तूचा मान राखा म्हणजे तिला कपाटात ठेवा असं मी म्हणत नाही. कपाटात मी आठ दिवसांत कोरडी पडून पुन्हा चाळणी होईन. मला रोज भरा. आठवड्यातून एकदा उलटी करून घासा, नाहीतर आत शेवाळ धरतं. बूच हरवू नका. दोरी झिजली की बदला, माझ्या तुटण्याची वाट बघू नका. मला खाली ठेवू नका, वारा लागेल असं टांगा. अन् माझ्यापायी माणसाला कधी मागं ठेवू नका. एकदा मला आधी उचललं गेलं, त्याची लाज मला अजून आहे.

झालं माझं सांगून. एवढं ऐकलं, तहान लागली असेल. घ्या, प्या. पण तोंड लावू नका, वरून धरा.